डाबचं दव आज गोठेल का? हिमालयातल्या बर्फापासून गवताच्या पात्यापर्यंत माग काढण्याची कृती

थंडीचा कडाका वाढला की नंदुरबार जिल्ह्यातून एक ठरलेली चित्रफीत फिरू लागते. अक्कलकुवा तालुक्यातल्या डाब-वालंब्याकडचं गवत पांढरं झालेलं, गाडीच्या टपावरून कोणीतरी बोटाने बर्फ खरवडतंय आणि खाली मथळा : ‘सातपुड्यात बर्फवृष्टी!’ त्यातला बर्फ खरा असतो, वृष्टी मात्र झालेली नसते. रात्री साचलेलं दव जागच्या जागी गोठलेलं असतं. महाबळेश्वरला वेण्णा तलावाच्या काठी होतं तेच इथे होतं, फक्त इथे पर्यटक कमी आणि शेतं जास्त.

ज्याची स्ट्रॉबेरी किंवा भाजीपाला त्या पांढऱ्या थराखाली आहे त्याच्या दृष्टीने हा फरक मोठा आहे. आकाशातून जे पडतं ते रडारला दिसू शकतं. जमिनीलगत जे तयार होतं ते कोणत्याच रडारला दिसत नाही. तेव्हा संध्याकाळी फोनवर रडारचा नकाशा उघडायचा, तो कोरा पाहायचा आणि निर्धास्त झोपायचं, ही सवय डिसेंबर-जानेवारीत उपयोगाची नाही. माग निघतो, पण तो हिमालयातून सुरू होतो आणि शेवटी आपल्या शेतातल्या थर्मामीटरपाशी येतो. रडारचं काम सुरुवातीला आहे आणि मग थेट गारपिटीच्या दिवसांत.

साहित्य : इंटरनेटचा फोन, दोन थर्मामीटर (त्यातला एक तरी रात्रीचं किमान तापमान धरून ठेवणारा), आर्द्रता मोजायचं साधन, वही, आणि डोंगरावर राहणारा एक विश्वासू माणूस. अक्राणी-अक्कलकुव्याच्या कितीतरी पाड्यांवर टेकडी चढल्याशिवाय रेंज मिळत नाही. म्हणून संध्याकाळी किती वाजता बोलायचं ते आधीच ठरवून ठेवा.

१. आधी उत्तरेकडे बघा

सातपुड्यातली गोठवणारी थंडी बहुतेक वेळा एका ठरावीक क्रमाने येते. पश्चिमी विक्षोभ, म्हणजे भूमध्य समुद्राच्या बाजूने येणारी हवामानाची लाट, काश्मीर-हिमाचल-उत्तराखंडावर बर्फ टाकून पूर्वेला सरकते. तिच्या मागून उत्तरेचे कोरडे, थंड वारे राजस्थान आणि मध्य प्रदेशावरून खाली उतरतात आणि साधारण दोन-तीन दिवसांत खानदेशात पोचतात. एवढी आगाऊ सूचना फुकट मिळत असताना ती का सोडायची?

भारतीय हवामानशास्त्र विभागाच्या ‘मौसम’ संकेतस्थळावर रडारचं पान उघडा. स्थानकांच्या यादीत श्रीनगर, कुफ्री, मुक्तेश्वर, सुरकंडा देवी, लेह अशी डोंगरी नावं दिसतील. कुफ्री आणि मुक्तेश्वरची रडारं जानेवारी २०२१ मध्ये सुरू झाली, लेहचं जानेवारी २०२२ मध्ये. ही डोंगरातली रडारं बहुतेक एक्स-बँडची, म्हणजे लहान पल्ल्याची आहेत. साधारण शंभर किलोमीटरपर्यंतचं दाखवतात आणि मध्ये शिखर आलं की पलीकडचं नाही.

इथे रंग वाचताना सावध राहा. पावसासाठी सवयीचे झालेले रंग बर्फाला लावले तर हिमवर्षाव नेहमी किरकोळ वाटतो. रडार लहर सोडतं आणि परत आलेली लहर डीबीझेड या एककात मोजतं. तेवढ्याच आकाराच्या पाण्याच्या थेंबाच्या तुलनेत कोरड्या बर्फकणाकडून जेमतेम पाचवा हिस्सा लहर परत येते. म्हणून २० ते ३० डीबीझेड हा आकडा मुंबईच्या पावसात रिमझिम म्हणून सोडून दिला जाईल, पण कुफ्रीच्या पडद्यावर तो चांगला दाट हिमवर्षाव असू शकतो. उलट वितळू लागलेला, अंगावर पाण्याचा थर आलेला बर्फ रडारला फार झळाळून दिसतो. त्या पट्ट्यात रंग एकदम गडद झाला म्हणून हिमवर्षाव वाढला असं नसतं.

रडारचं चित्र तिथल्या नोंदीशी ताडून पाहा. खात्याच्या रोजच्या अखिल भारतीय पत्रकात डोंगरी ठिकाणांचा बर्फ सेंटिमीटरमध्ये येतो. पडद्यावर पट्टा आणि पत्रकात आकडा, दोन्ही जुळले की तारीख वहीत लिहा. (पुण्यातल्या हवामान खात्याच्या इमारतीला जुने पुणेकर अजून ‘सिमला ऑफिस’ म्हणतात, कारण खात्याचं मुख्यालय १९२८ मध्ये सिमल्याहून तिथे हलवलं गेलं होतं. सिमल्याची थंडी महाराष्ट्रात येण्याची वाट तशी जुनीच आहे.)

२. थंडी खाली उतरताना मोजा

बर्फ पडून गेल्यावर रडार बंद करा. आता उपयोगी पडतात उपग्रह आणि ठिकठिकाणचं किमान तापमान.

इन्सॅट-३डीआर आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये सोडलेला इन्सॅट-३डीएस यांची चित्रं खात्याच्या संकेतस्थळावर आणि इस्रोच्या ‘मोसडॅक’वर मिळतात. गुजरात, पश्चिम मध्य प्रदेश आणि खानदेशावरचं आकाश स्वच्छ होतंय का, एवढंच पाहा. विक्षोभाची शेपटी अजून आपल्यावर असेल, उंच पातळ ढग असतील, तर ते रात्री गोधडीसारखं काम करतात आणि जमिनीची ऊब धरून ठेवतात. उत्तरेत कितीही बर्फ पडलेला असो, अशा रात्री डाबला दव सहसा गोठत नाही.

किमान तापमान उत्तरेकडून दक्षिणेकडे क्रमाने लिहा : इंदूर, मग जळगाव, धुळे, मालेगाव, निफाड. धुळ्याच्या कृषी महाविद्यालयातला आणि निफाडच्या गहू संशोधन केंद्रावरचा आकडा हिवाळ्यात वर्तमानपत्रांत हमखास छापून येतो. हे आकडे साधारणपणे सकाळी साडेआठच्या नोंदीतले असतात, म्हणजे गेलेल्या रात्रीचे. आदल्या दिवसाच्या आकड्याशी त्यांची वजाबाकी करा. सलग दोन सकाळी इंदूर आणि धुळे दोन्हीकडे घसरण दिसली, की सातपुड्यावर काय चाललं असेल याचा अंदाज करायला हरकत नाही.

यानंतर डोंगराचा हिशेब. नंदुरबार शहर समुद्रसपाटीपासून सुमारे २१० मीटरवर, तोरणमाळचं पठार साडेअकराशे मीटरच्या आसपास. दर हजार मीटरला साडेसहा अंश या ढोबळ नियमाने तोरणमाळ शहरापेक्षा सहा अंशांनी थंड असायला हवं. दिवसा, वारा असताना, हे बरंचसं जुळतं. शांत रात्री मात्र नियम उलटतो. थंड हवा जड असते, ती उतारावरून घरंगळत खोलगट जागेत साचते आणि टेकडीच्या माथ्यापेक्षा खालचं शेत अधिक गारठतं. म्हणून तोरणमाळचा आकडा डाबला, किंवा डाबच्या एका शेताचा आकडा शेजारच्या शेताला चिकटवू नका.

३. अंदाजाला निरीक्षण समजू नका

‘विंडी’सारखं ॲप उघडलं की रंगीत, वाहता नकाशा दिसतो. बघणाऱ्याला वाटतं की हे आत्ताचं चित्र आहे. तसं नाही. त्या नकाशाचे बहुतेक थर म्हणजे संगणकाने केलेलं गणित आहे, आणि त्या गणितात जमिनीचे चौकोन पाडलेले असतात. युरोपीय प्रारूपाचा चौकोन सुमारे नऊ किलोमीटरचा असतो. नऊ किलोमीटरमध्ये सातपुड्यात एक डोंगर, दोन दऱ्या आणि चार पाडे सहज मावतात. गणित त्या सगळ्यांना एकच सरासरी उंची देतं. तेव्हा ॲपने सात अंश सांगितले, तर तो खालच्या शेताचा आकडा नाही.

ॲपमधून वारा घ्या, ढग घ्या, पुढच्या तीन दिवसांचा कल घ्या. हिमवर्षावाच्या थरात सातपुड्यावर निळसर छटा दिसली तर चित्र काढून कोणाला पाठवू नका. खरी नोंद हवी असेल तर राज्याच्या ‘महावेध’ प्रकल्पातली स्वयंचलित केंद्रं महसूल मंडळवार आहेत आणि ती पाऊस, तापमान, आर्द्रता, वाऱ्याचा वेग-दिशा मोजतात. आपलं गाव कोणत्या मंडळात येतं ते तलाठ्याला ठाऊक असतं आणि केंद्राचे आकडे कुठे बघायचे ते कृषी सहायकाला विचारा. नंदुरबारजवळ कोळदे इथलं कृषी विज्ञान केंद्रही या कामी गाठण्यासारखं आहे.

४. रात्री आठची वजाबाकी

या सगळ्या कृतीतली सर्वांत कामाची पायरी ही आहे, आणि तिला कागद-पेन्सिल पुरते.

रात्री आठच्या सुमारास डोंगरावरच्या माणसाला फोन करा. चार प्रश्न : तापमान किती, आर्द्रता किती, पान हलतंय का, चांदण्या स्वच्छ दिसतायत का.

आर्द्रता शंभरातून वजा करा, उरलेल्याला पाचने भागा, आणि जे येईल ते तापमानातून वजा करा. हा झाला दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानाला हवेतली वाफ पाणी होऊन बसू लागते ते. आर्द्रता पन्नास टक्क्यांच्या वर असेल तोवर हा हिशेब पुरेसा बरोबर येतो. समजा तापमान १२ आणि आर्द्रता ६० टक्के. शंभरातून साठ गेले चाळीस, भागिले पाच आठ. बारातून आठ गेले, दवबिंदू ४ अंश.

स्वच्छ, निवांत रात्री हवेचं तापमान दवबिंदूपर्यंत झपाट्याने उतरतं. तिथे दव पडू लागतं, वाफ पाणी होताना ऊब सोडते आणि घसरण मंदावते. म्हणून संध्याकाळचा दवबिंदू हा पहाटेच्या किमान तापमानाचा कच्चा अंदाज असतो. वरच्या उदाहरणात पहाट ४ अंशांच्या आसपास. आता कोणी म्हणेल, चार अंशांना पाणी कसं गोठेल? तापमान मोजणारी पेटी जमिनीपासून माणसाच्या छातीएवढ्या उंचीवर असते. गवताचं पातं, वाळलेला पेंढा, गाडीचा पत्रा यांची उष्णता उघड्या आकाशाकडे निघून जाते आणि ते भोवतालच्या हवेपेक्षा तीन ते पाच अंशांनी सहज थंड होतात. पेटीत चार असताना पात्यावर शून्य असू शकतं. पहिला बर्फ नेहमी टपावर, पेंढीवर आणि गवतावर सापडतो, झाडाखाली नाही, याचं कारण हेच.

तापमान १२ आणि आर्द्रता ८५ टक्के असेल तर दवबिंदू येतो ९. दव भरपूर पडेल, कदाचित धुकंही येईल, पण गोठणार नाही.

फसवी रात्र तिसरीच. उत्तरेचा वारा फार कोरडा असला तर दवबिंदू शून्याच्या खाली जातो. दव पडतच नाही, सकाळी काही पांढरं दिसत नाही, चित्रफीत निघत नाही, आणि दुपारपर्यंत कोवळी पानं करपल्यासारखी काळी पडतात. पिकाचं नुकसान थंडीने होतं. पांढरा थर हा फक्त तिचा साक्षीदार. तेव्हा दवबिंदू शून्याच्या खाली आला तर सुटलो म्हणू नका.

पान हलत असेल तर धोका कमी. वारा वरची उबदार हवा खाली आणून मिसळत राहतो. तो मध्यरात्रीनंतर पडला तर पहाटे चारला पुन्हा हिशेब करावा लागतो.

५. झोपण्याआधी

हिशेब धोक्याचा निघाला तर लगेच हलकं पाणी द्या. ओली जमीन दिवसाची ऊब जास्त धरते आणि रात्री हळूहळू सोडते. रोपं लहान असतील तर आच्छादन घाला, पण प्लॅस्टिक पानांना टेकू देऊ नका. बांधावर ओलसर पालापाचोळा धुमसत ठेवण्याचा जुना उपाय फक्त वारा पूर्ण पडलेला असताना थोडाफार चालतो. वारा असेल तर धूर शेजाऱ्याच्या शेतात आणि ऊब कुठेच नाही.

एक थर्मामीटर छातीच्या उंचीवर, सावलीत आणि मोकळ्या हवेत टांगा. घराच्या भिंतीला टांगला तर भिंतीचं तापमान मिळेल. दुसरा शेतातल्या सर्वांत खोलगट जागी गवताच्या टोकाच्या पातळीवर, दोन काड्यांच्या बेचक्यात आडवा ठेवा. त्यावर काही झाकू नका.

६. सकाळची नोंद

जानेवारीत इथे सूर्य सव्वासातच्या सुमारास उगवतो आणि रात्रीचं किमान तापमान त्याच्या आगेमागे लागतं. ऊन गवतावर पोचल्यावर पुरावा काही मिनिटांत वितळतो. म्हणून सात वाजता शेतात हवं. दोन्ही थर्मामीटरचे आकडे लिहा. थर बोटाने खरवडून पाहा : गोल, पारदर्शक मणी असतील तर आधी दव पडलं आणि मग गोठलं, पिसासारखे पांढरे सुईदार कण असतील तर वाफ थेट बर्फ झाली, म्हणजे हवा कोरडी होती. फोटोत नाणं किंवा काडेपेटी ठेवा, फोटोखाली गाव, तारीख, वेळ आणि दोन्ही तापमानं लिहा.

तुमच्या शेतातल्या छातीच्या उंचीवरच्या आणि गवतावरच्या आकड्यांतला फरक सात-आठ रात्रींत कळून येतो. तो कळला की जिल्ह्याचा आकडा बघून स्वतःच्या शेताचं भाकीत तुम्हीच करू शकाल, आणि ते कोणत्याही ॲपपेक्षा बरं असेल.

७. फेब्रुवारी उजाडला की रडार पुन्हा उघडा

आता खरोखर आकाशातून बर्फ पडण्याचे दिवस. खानदेशात त्याला गारा म्हणतात. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमधली गारपीट महाराष्ट्रातला शेतकरी विसरलेला नाही. नंदुरबारात या काळात पथारींवर लाल मिरची वाळत असते, शहाद्याकडे पपई-केळी उभी असते, गहू-हरभरा काढणीला येतो.

या जिल्ह्याची एक अडचण आधी समजून घ्या. मुंबईत वेरावलीचं रडार (२०२२) आणि कुलाब्याचं जुनं, दोन्ही नंदुरबारपासून पावणेतीनशे-तीनशे किलोमीटरवर. भोपाळचं त्याहून दूर. रडारची लहर सरळ जाते, पृथ्वी मात्र खाली वळत जाते. जमिनीशी अर्धा अंश कोनात सोडलेली लहर एवढं अंतर कापेपर्यंत सात किलोमीटर उंचीवर पोचलेली असते. म्हणजे मुंबईचं रडार नंदुरबारच्या आकाशाकडे बघतं ते विमानाच्या खिडकीतून बघितल्यासारखं : पावसाळ्यातली ठेंगण्या ढगांची झड त्याला दिसतच नाही. गारांचा ढग मात्र दहा-बारा किलोमीटर वर जातो, त्याचं डोकं लहरीत सापडतं. तेव्हा पडदा कोरा आहे म्हणजे पाऊस नाही असं इथे धरू नका, आणि इतक्या लांबून एवढासा गडद ठिपका दिसला तरी तो हसण्यावारी नेऊ नका.

रडारच्या चित्रांच्या यादीत ‘मॅक्स झेड’ हे चित्र निवडा. नकाशाच्या वरच्या आणि उजव्या बाजूला दोन अरुंद पट्ट्या असतात. त्या ढगाची उंची दाखवतात. ५० ते ५५ डीबीझेडच्या वरचा रंग आणि पट्टीत दहा किलोमीटरच्या पुढे गेलेलं शिखर, दोन्ही एकत्र दिसले तर गारांची शक्यता धरायची. चित्रावरची वेळ बघा. यूटीसी लिहिलं असेल तर साडेपाच तास मिळवा. ०९:०० म्हणजे आपल्याकडचे दुपारचे अडीच. जुनं चित्र ताजं समजून घाबरणारे आणि ताजं जुनं समजून निवांत बसणारे, दोघेही इथेच चुकतात. वेरावलीचं रडार सी-बँडचं, म्हणजे जोरदार पावसात लहर झिजणारं आहे. वाटेत नाशिक जिल्ह्यावर असा पाऊस असेल तर लहर तिथेच क्षीण होते आणि मागचा नंदुरबार प्रत्यक्षापेक्षा फिका दिसतो.

लागोपाठची तीन-चार चित्रं बघून ढगाची चाल काढा. फेब्रुवारी-मार्चमध्ये वरचे वारे बहुधा पश्चिमेकडून येतात, म्हणून सुरत, व्यारा, सोनगडकडे लक्ष ठेवा. तिथून नवापूर जवळच आहे. दोन चित्रांमध्ये ढगाने कापलेलं अंतर किलोमीटरमध्ये मोजा, वेळेने भागा, की ढगाचा वेग मिळतो; आपल्यापर्यंतचं अंतर त्या वेगाने भागलं, की किती वेळ हाती आहे ते कळतं. त्याच्या जोडीला विजांसाठी ‘दामिनी’ ॲप आणि मुंबईच्या प्रादेशिक हवामान केंद्राचा जिल्हावार तात्कालिक इशारा पाहा. तो पुढच्या तीन तासांपुरता असतो. सोनगडच्या ओळखीच्या माणसाला एक फोन करणं यातल्या कशाहूनही कमी नाही : रडार शिखर बघतं, तो अंगण बघतो.

तासाभराची सवड मिळाली तर पथारीवरची मिरची गोळा करून ताडपत्रीखाली जाते. सगळी नाही जात, पण जी आधी वाळली आहे ती आधी उचला; अर्धओली मिरची पुन्हा वाळवता येते, वाळलेली भिजली की काळी पडते.

गारा थांबल्यावर, विजा पूर्ण ओसरल्या की, लगेच मोजमाप घ्या. पाच-सहा गारा मोजपट्टीशेजारी ठेवून फोटो, किती मिनिटं पडल्या, वारा कुठून होता. शेतात ढीग साचला असेल तर ढिगाचाही फोटो, पण त्याखाली ‘बर्फवृष्टी’ लिहू नका. तलाठ्याला पंचनाम्याच्या वेळी गारांचा आकार आणि वेळ नेमकी सांगता येते. हे सगळं त्याच वहीत, जानेवारीच्या दवाच्या पुढच्या पानावर लिहा, आणि त्या दिवशीची रडारची चित्रं फोनमध्ये जपून ठेवा, कारण संकेतस्थळावर ताजी चित्रं आली की जुनी हटतात.